दादा, तू धावतोस

पिट्सबर्ग, ४ मार्च १९९६

थॅड,

फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला उत्तर द्यायचं तर निदान चार वाक्यं जुळवावी लागतात, म्हणून हा खटाटोप.

बातमी अशी की तुझा भाऊ लोकांना सापडलाय. जाऊन पंधरा वर्षं झाली, आता सापडला. विद्यापीठातले प्रोफेसर ड्रिस्कल म्हणून एक गृहस्थ आले होते. गोरे, उंच, बोलायला गोड. माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच केक खात, लुशियस पेटवे हा किती मोठा ड्रमर होता ते मला तासभर समजावून सांगत होते. मी मान डोलावली. ज्या माणसाचे मोजे मी जन्मभर शोधून दिले त्याच्याबद्दल चार नव्या गोष्टी कळल्या, काय वाईट झालं!

तर त्रेसष्ट सालचं त्याचं ते मोर्चाचं संगीत सबंध वाजवायचं ठरलंय. आठ जूनला, शनिवारी, आपल्या माउंट नीबो चर्चमध्ये. पत्रकात शेवटच्या भागाबद्दल, ‘काउंटर’बद्दल, असं लिहिलंय: ‘त्या काळात कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या हॉटेलात काउंटरवर जाऊन बसत. त्यांना कुणी कॉफी देत नसे, अंगावर केचप ओतत, तरी ती उठत नसत. तसेच पेटवे ड्रम्सपुढे हाताची घडी घालून बसून राहत, माणसाएवढा उंच, चार तारांचा बास एकटा वाजे आणि ताल श्रोते धरत. अखेरीस ते काठ्या उचलत आणि सगळ्यांना शेवटापर्यंत घेऊन जात.’ बरं लिहिलंय. फक्त बास कोण वाजवायचं ते लिहायला विसरले.

बास तू वाजवायचास, थॅड. अजूनही तूच वाजवायचा आहेस. दुसऱ्या कुणाच्या हातून तो भाग ऐकायची माझी तयारी नाही. माझं वय झालंय. एकदा तो नीट ऐकायचा आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढंच मागणं आहे.

वहिनी

ता. क. मयताच्या दिवशी तू मागच्या दारात उभा राहिलास आणि जेवण न घेता निघून गेलास, तो राग वेगळा आहे. त्याचा या पत्राशी संबंध नाही. तुझं ताट मी फॉइलमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवलं होतं.


डेट्रॉइट, १५ मार्च १९९६

वहिनी,

जमणार नाही. कारणं लिहितो, म्हणजे तुमची चार वाक्यं भरतील.

पाठ धरलीय. बोटं कारखान्यात मोटारींना दारं बसवून बसवून वाकडी झाली आहेत. जूनमध्ये आमच्या बोलिंगच्या स्पर्धा असतात. आणि बासवर मी कोट टांगतो. उंचीला बरोबर येतो. आता तो वाद्य राहिलेला नाही, फर्निचर झालाय.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. क्लीव्हलंडला कार्यक्रम संपल्यावर मी सगळ्या पोरांसमोर एक वाक्य बोललो: ‘दादा, तू धावतोस.’ बस. ड्रमरला लय धावते म्हणणं म्हणजे सुगरणीला मीठ जास्त झालं म्हणणं, हे मला कळतं. पण मीठ जास्त होतं, वहिनी! ‘काउंटर’च्या शेवटी तो असा सुटायचा की मला बास काखेत मारून पळावं लागायचं. आणि तो काय म्हणाला? ‘मी धावत नाही, तू ओढतोस.’ मी लय मागे ओढतो! ज्याच्या बोटावर अख्खा बँड घड्याळ लावायचा तो मी!

त्यानंतर आम्ही बोललो नाही ते तो जाईपर्यंत. आता तिथे उभं राहून मी काय वाजवू? तो बरोबर होता असं वाजवलं तर खोटं, आणि मी बरोबर होतो असं वाजवलं तर त्याच्याच सत्कारात त्याला खाली पाहायला लावणं. मला दोन्ही नको.

बाकी ठीक. खालच्या मजल्यावर कोवाल्चिक नावाची एक पोलिश म्हातारी राहायला आलीय. ती रोज संध्याकाळी झाडूच्या दांड्यानं छत ठोकते. असली विक्षिप्त बाई मी पाहिली नाही.

थॅडियस


पिट्सबर्ग, २१ मार्च १९९६

थॅड,

पाठ, बोटं, बोलिंग, सगळं वाचलं. ईश्वर तुला आराम देवो. आता मला एवढंच सांग, घरात फर्निचर गप्प उभं असताना ती बिचारी कोवाल्चिकबाई रोज संध्याकाळी छत का ठोकते? कोट फार आवाज करतात का?

आणि दुसरं, तिचा झाडू कितव्या मात्रेवर पडतो?

इकडे बसण्याच्या जागांवरून महाभारत झालंय. प्रोफेसरांनी खुर्च्यांचा नकाशा आणला. देणग्या देणारे गोरे पाहुणे पुढे आणि चर्चची मंडळी मागे. आपल्या चर्चमध्ये आपल्याला मागची बाकं, आणि कार्यक्रम कशाचा, तर नागरी हक्कांच्या संगीताचा! ओझेला टिब्ज आठवते ना? दाराशी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणारी? आता ती जागा दाखवणाऱ्या सगळ्यांची प्रमुख आहे. तिनं नकाशा हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, “प्रोफेसर, बाळा, हा नकाशा मी लहानपणी बसमध्ये पाहिलाय.” त्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बिचाऱ्याच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. पुढे दोन दिवस तो ज्याला त्याला सॉरी म्हणत फिरला, आमच्या सफाईवाल्यालाही. आता जो जसा येईल तसा बसेल असं ठरलंय.

आणखी एक. छपाईवाल्याला घाई होती. पोस्टर छापून झालं. त्यावर ‘बास: थॅडियस पेटवे’ असं आहे. अक्षरं मोठी नाहीत, मध्यम आहेत.

वहिनी


डेट्रॉइट, ९ एप्रिल १९९६

वहिनी,

मध्यम? आमच्या न्हाव्याच्या दुकानात ते पोस्टर लागलंय! दाढी करताना माझं नाव मला आरशात उलटं दिसतं. न्हावी वस्तरा हातात घेऊन विचारतो, “काय थॅड, कुठे लपवून ठेवली होतीस ही कला?” गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय बोलणार? तुम्ही मला विचारलं का नाही? दादाशी लग्न करून तुम्हीही धावायला शिकलात.

बासवरून कोट काढले आहेत, कारण हिवाळा संपला. दुसरं काही समजू नका.

तुम्ही झाडूचं विचारलंत म्हणून सांगतो. चारांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. त्यानंच तर डोकं उठतं! बाई रागावली आहे ते समजू शकतो, पण चुकीच्या मात्रेवर रागावते. आपल्या चर्चच्या टाळीसारखं दुसऱ्या आणि चौथ्यावर ठोकेल तर मी तिला पगार देईन. परवा मी इतका वैतागलो की वाजवता वाजवता मध्येच एक मात्रा जास्तीची टाकली. आणि काय आश्चर्य! मी पुढे सरकलो, बाई मात्र आपल्याच नादात ठोकत राहिली आणि झाडू बरोबर दुसऱ्या-चौथ्यावर पडायला लागला. मिनिटभर आम्ही दोघांनी असं काही वाजवलं की सांगता सोय नाही. मग ती वर आली. मला वाटलं आता पोलीस येणार. तर म्हणते, “आज थांबलात का?”

पण मी येत नाही. माझं नाव खोडा.

थॅडियस


पिट्सबर्ग, २ मे १९९६

थॅड,

नाव खोडलेलं नाही. वेळ नव्हता, कारण इकडे सगळ्याचा विचका झालाय.

काल तालीम झाली. ड्रम्सवर लमाँट म्हणून एक जण आहे. दोन मुलांचा बाप, हात असा चालतो की लुशियसनं त्याला मिठी मारली असती. पण ‘काउंटर’मध्ये त्याला बसवत नाही! हाताची घडी घातली की पाय हलतो. पाय दाबून धरला की मान हलते. मी म्हटलं, “लमाँट, केचप ओतलं तरी हलायचं नाही.” तर म्हणतो, “आंटी, मला वाजवायचे पैसे मिळतात, न वाजवायला मी कुठे शिकलोय?” त्याचंही खरं आहे. त्या दिवसांत आपली पोरं काउंटरवर जायच्या आधी चर्चच्या तळघरात बसायची तालीम करत. आपणच त्यांना शिव्या द्यायचो, धक्के द्यायचो आणि ती बसून राहायची. लमाँटला कोण धक्के देणार?

मग टाळ्या. प्रोफेसरांनी विद्यापीठातली काही मंडळी आणली होती. ती पहिल्या-तिसऱ्यावर, आम्ही दुसऱ्या-चौथ्यावर. चर्चमध्ये नुसता बाजार भरला. प्रोफेसर म्हणाले, दाराशी कार्ड वाटू, त्यावर आकडे लिहू, टाळी कधी द्यायची ते. ओझेला म्हणाली, “माझ्या देवाच्या घरात टाळी कधी द्यायची हे कार्डावर वाचायचं असेल तर मी आपला पंथ सोडून मेथडिस्ट होईन!” शेवटी ते म्हणाले, तुमचे दीर येत नसतील तर टाळ्याच नकोत, एक विद्यार्थी आहे, तो कागदावर बघून बास वाजवेल आणि आपण टाळ्यांचं रेकॉर्डिंग लावू.

रेकॉर्डिंग, थॅड. ज्या गाण्यात लोकांनी वाजवायचं, त्या गाण्यात लोकांनी गप्प बसून लोकांची टेप ऐकायची.

आता एक सांगते आणि मग तुझ्या मागे लागणं बंद करते. तो धावायचा. मला माहीत होतं. लग्नात पाद्र्यानं प्रश्न पुरा विचारायच्या आत ‘हो’ म्हणून मोकळा झालेला माणूस तो. पण ‘काउंटर’मध्ये तो पहिल्यापासून धावत नसे. अलाबामातलं ते छोटं चर्च आठव, जिथे पंखा पडला होता. तू डोळे मिटून वाजवत होतास, नेहमीसारखा. मी दाराजवळ बसले होते. शेवटाच्या थोडं आधी दार उघडलं आणि पोलीस उभे राहिले, कुत्रं घेऊन. लोकांची पाठ दाराकडे होती. समोर तोंड होतं फक्त लुशियसचं. त्यानं त्यांना पाहिलं, काठ्या उचलल्या आणि सुटला. ते आत येऊन थांबवायच्या आधी गाणं संपवायचं होतं त्याला. संपवलं. मग काय झालं ते तुला माहीत आहे, रात्रभर कोठडीत तू त्याच्या खांद्यावर झोपला होतास.

त्यानंतर तो भाग आला की त्याला ते दार दिसायचं. क्लीव्हलंडमध्येही दिसलं असेल. हे तो तुला का बोलला नाही ते मला विचारू नकोस. पेटवे मंडळी मेली तरी मनातलं बोलत नाहीत.

वहिनी


डेट्रॉइट, १४ मे १९९६ (पोस्टकार्ड)

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

बास गाडीत मावत नाही, पुढची सीट काढावी लागेल. याचा अर्थ मी येतोच असा होत नाही. कोवाल्चिकबाई विचारतात, जेवायला काय असेल आणि मागच्या सीटवर उशी मिळेल का?

त्या विद्यार्थ्याला सांगा, कागद घरी ठेव.

थॅ.


डेट्रॉइट, १३ जून १९९६

वहिनी,

सुखरूप पोचलो. पाठ मोडली आहे. बास वाजवून नव्हे, मान वळवून कोवाल्चिकबाईंशी बोलून.

आता मी तुम्हाला जाब विचारतो. तुम्हाला काय झालं होतं?

लमाँट उठला आणि त्याच्या जागी तुम्ही ती जांभळी हॅट घालून ड्रम्सपुढे जाऊन बसलात, इथवर मला मान्य आहे. मला सांगितलं नव्हतंत, पण मान्य आहे. दादासुद्धा इतका निश्चल बसला नव्हता. लोकांना वाटलं असेल पुतळाच आणून ठेवलाय. पण पुढे? लमाँट नंतर म्हणाला, ठरलं होतं की शेवटाच्या आधी तुम्ही उठायचं, लमाँटनं बसायचं आणि काठ्या उचलायच्या. तो बिचारा बाजूला येऊन उभा राहिला. मी भुवया उडवल्या. प्रोफेसर पडद्याआडून हातवारे करत होते. ओझेलाबाई पांढऱ्या हातमोज्यानं खुणा करत होत्या. आणि तुम्ही? हाताची घडी, नजर समोर, ढिम्म! लमाँट तुमच्या कानात काय म्हणाला ते मी ऐकलं: “आंटी, उठा ना.” आणि तुम्ही काय म्हणालात तेही ऐकलं: “मी इथेच बसलेय.”

काय करणार? ड्रम्स नाहीत, तर शेवटापर्यंत न्यायचं कुणी? मी आणि लोकांनी.

टाळ्यांचं तर तुम्ही पाहिलंतच. ओझेलाबाईंनी सगळ्यांना असं मिसळून बसवलं होतं की एक टाळी बरोबर, शेजारची चूक. मला हसू आवरेना. मग मी कोवाल्चिकबाईंकडे पाहिलं. त्या तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर, पहिल्या-तिसऱ्यावर जोरात. आणि मी ती जास्तीची मात्रा टाकली. आपली माणसं कान देऊन टाळी देतात, ती क्षणात वळली. विद्यापीठवाले मात्र काही न ऐकता आपल्याच नादात देत राहिले आणि म्हणून बरोबर ठरले! सगळं चर्च एका तालात आलं. एक टक्कल पडलेले गृहस्थ आपल्या बायकोकडे असे अभिमानानं बघत होते, की ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’

मग टाळ्या धावायला लागल्या. गर्दी नेहमी धावते. पूर्वी असतो तर मी टाचा रोवून उभा राहिलो असतो. या वेळी नाही राहिलो. उगाच काही अर्थ काढू नका. माझा इलाज चालला नाही इतकंच. चारशे माणसं धावत असताना एकानं किती ओढायचं? मीही धावलो. भावुक वगैरे काही झालो नव्हतो. डोळे पुसले ते घामानं. मनात त्या वेळी काय होतं विचाराल तर गाडीच्या सीटचे स्क्रू कुठे ठेवलेत ते आठवत होतो.

जेवण चांगलं होतं. मासा तर फारच. बटाट्याचं सॅलड आपण कुणाच्याही हातचं खात नाही, म्हणून कुणी केलंय ते ओझेलाबाईंना विचारून मगच घेतलं, हे तुम्ही पाहिलं असेल. फॉइलमध्ये दिलेलं ताट घरी येईपर्यंत टिकलं नाही. अर्धं कोवाल्चिकबाईंनी ओहायोतच संपवलं.

थॅडियस


पिट्सबर्ग, २० जून १९९६

थॅड,

मी का उठले नाही म्हणून सगळे एकमेकांना विचारताहेत. उठणारच होते. खरं सांगते, तोपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. पण तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या जागेवरून नेमकं दार दिसतं. आपल्या चर्चचं दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन होतं आणि दारात नुसती ओझेला उभी होती. कुणीही थांबवायला येत नव्हतं. आयुष्यभर तो जे दार बघत धावला ते मला थोडा वेळ रिकामं बघायचं होतं. म्हणून नाही उठले.

आता तुझ्या स्क्रूंबद्दल.

काल प्रोफेसर कॅसेट घेऊन आले. फार भला माणूस आहे. हल्ली माझ्या घरी येतात तेव्हा मला काही समजावून सांगत नाहीत, नुसते केक खातात. पण जरा संकोचले होते. म्हणाले, “मिसेस पेटवे, दोन अडचणी आहेत. एक म्हणजे शेवटी लय खूपच वाढली आहे. आणि दुसरी, तुमच्या दिरांच्या जवळ मायक्रोफोन होता. टाळ्यांच्या वर त्यांचा आवाज आलाय. दोन्ही मशीनवर काढून टाकता येईल.”

आम्ही तिघांनी ऐकली. ओझेलाही होती. टाळ्या सुटतात, तुझा बास त्यांच्या पुढे जातो, आणि मग तू ओरडतोस. एकदा नाही. शेवटची टाळी पडेपर्यंत ओरडतोस. “पळ, दादा! पळ! मी आहे मागे!”

ओझेलानं हातमोजा काढून डोळे पुसले. मी तुझ्यासारखी घामाची सबब सांगत नाही, मी चांगली हमसून रडले. प्रोफेसरांनी विचारलं, मग काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावून तर बघा.

कॅसेट सोबत पाठवतेय. कोवाल्चिकबाईंनाही ऐकव.

वहिनी